कोटभर डाव आणि नेमकी अट

बुद्धिबळाच्या डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रत्येक डावाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात डावाची ओळख असते: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढऱ्या मोहऱ्यांचा खेळाडू, काळ्या मोहऱ्यांचा खेळाडू आणि निकाल. दुसऱ्या भागात चाली असतात. डाव साध्या मजकुराच्या रूपात एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता यावेत म्हणून स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ साली पीजीएन ही नोंदपद्धत मांडली आणि तीत वरच्या सात नोंदी सक्तीच्या केल्या. रेटिंग, ओपनिंगचा कोड, खेळाडूचा फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) क्रमांक, वेळमर्यादा या नोंदी ऐच्छिक राहिल्या. आज चेसबेस या सॉफ्टवेअरच्या मेगा डेटाबेसमध्ये एक कोटीहून जास्त डाव आहेत. मार्क क्राउदर १९९४पासून चालवत असलेल्या ‘द वीक इन चेस’मधून दर आठवड्याला नवे डाव येतात, ते वेगळेच. एवढ्या साठ्यातून हवे ते डाव काढायचे, तर प्रश्न डावाच्या कोणत्या भागाला विचारायचा, हे आधी ठरवावे लागते.

डाव असे शोधता येण्याची ताकद काय असते, हे गॅरी कास्पारोव्ह यांनी फार लवकर दाखवून दिले. १९८५ साली हॅम्बुर्गच्या एका क्लबच्या आठ खेळाडूंशी एकाच वेळी खेळताना ते साडेतीन-साडेचार असे हरले होते. मॅथियास व्युलेनवेबर यांनी अटारी संगणकासाठी चेसबेसची पहिली आवृत्ती तयार केल्यावर, १९८७ मध्ये, कास्पारोव्ह यांनी प्रतिस्पर्ध्यांचे जुने डाव तिच्यातून काढून अभ्यासले आणि हॅम्बुर्गच्या संघाला सात-एक असे हरवले. तेव्हाचा साठा आजच्या मानाने चिमुकला होता आणि ‘या खेळाडूचे डाव दाखव’ एवढा प्रश्न पुरेसा होता. आज तेवढ्यावर भागत नाही.

शोधाच्या अटी दोन तऱ्हांनी चुकतात. अट सैल असली की नको ते डाव येतात. ते समोर दिसतात, कंटाळा येतो, पण चूक लक्षात येते. अट गरजेपेक्षा घट्ट असली की हवे असलेले डाव गळतात, आणि गळलेले डाव कुठेच दिसत नाहीत. पडद्यावर चारशे डावांची नीटनेटकी यादी येते आणि उरलेले सहाशे होते याची शंकाही येत नाही. ही दुसरी चूक जास्त घातक आहे. अटींच्या मांडणीत जी काही शिस्त पाळायची, ती मुख्यतः या गळतीला आवर घालण्यासाठी.

गळतीची पहिली जागा म्हणजे खेळाडूंची नावे. डेटाबेसमध्ये आधी आडनाव, मग स्वल्पविराम आणि नंतर नाव अशी युरोपीय रीत आहे. भारतीय नावे तिच्यात सरळ बसत नाहीत. विश्वनाथन आनंद यांच्या नावातले ‘विश्वनाथन’ हे वडिलांचे नाव, तरी डेटाबेसच्या दृष्टीने ‘आनंद’ हे आडनाव ठरते. नाशिकच्या विदित गुजराथी यांच्या डावांवर कुठे ‘गुजराथी’ हे आडनाव आधी येते, तर कुठे ‘विदित’ आधी येऊन ‘संतोष गुजराथी’ पुढे जाते. एकच रूप टाकून शोधले तर त्यांचे निम्मे डाव हातचे जाऊ शकतात. भाग्यश्री साठे यांचे लग्नानंतरचे डाव ठिपसे या आडनावाने मिळतात. उलट, ‘खाडिलकर’ एवढेच टाकले तर वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींचे डाव एकत्र येतात आणि ‘देशमुख’ टाकल्यावर नागपूरच्याच दिव्या आणि अनुप देशमुख यांची सरमिसळ होते. यावर खात्रीचा उपाय फिडे क्रमांकाचा. तो नोंदलेला असेल तर नावाच्या स्पेलिंगची भानगडच उरत नाही. जुन्या डावांवर मात्र तो नसतो. त्यांच्यासाठी नावाची सगळी रूपे ‘किंवा’ने जोडावी लागतात आणि ती यादी जपून ठेवावी लागते, कारण पुढच्या वेळी तीच लागणार असते.

दुसरी जागा रेटिंगची. ‘दोन्ही खेळाडू २४०० किंवा त्याहून वरचे’ ही अट फार लोकप्रिय आहे आणि ती घालण्यामागचा हेतूही चांगला असतो. परंतु फिडेने एलो रेटिंग स्वीकारले १९७० साली. त्याआधीच्या बहुतेक डावांवर रेटिंगची जागा रिकामी किंवा शून्य असते. म्हणजे या एका अटीने कापाब्लांका, अलेखिन आणि बोटविनिक यांचे बहुतेक काम यादीबाहेर जाते. जुने डाव हवे असतील तर शोध दोन तुकड्यांत करावा: १९७०नंतरच्या डावांना रेटिंगची अट लावावी, आधीच्या डावांना निवडक खेळाडूंच्या नावांची. तारखेचेही असेच आहे. दिवस-महिना माहीत नसलेल्या डावात त्या जागी प्रश्नचिन्हे असतात, म्हणून जुन्या काळासाठी नुसत्या वर्षाने शोधणे बरे.

तिसरी जागा ओपनिंगच्या कोडची, आणि तिथे थोडे थांबायला हवे. बेलग्रेडच्या ‘शाहोव्स्की इन्फॉर्मेटर’ने रूढ केलेली इको पद्धत सगळ्या ओपनिंग्ज ए०० ते ई९९ अशा पाचशे कप्प्यांत बसवते. सिसिलियन नायडॉर्फमधली ‘पॉयझन्ड पॉन’ शाखा बी९७, किंग्ज इंडियन ई६० ते ई९९, अशी ही वाटणी आहे. नायडॉर्फसारख्या, स्वतःच्याच वाटेने जाणाऱ्या ओपनिंगसाठी कोडने केलेला शोध झटपट आणि बऱ्यापैकी पक्का असतो. ज्या स्थितीला चार वाटांनी पोहोचता येते, तिथे मात्र कोड फसवतो.

डी४वरच्या एकाकी प्याद्याची रचना हे याचे उत्तम उदाहरण. पांढऱ्याचे प्यादे डी४वर उभे असते आणि शेजारच्या सी आणि ई या दोन्ही पट्ट्यांवर त्याला आधार द्यायला पांढरे प्यादे नसते. समोर काळ्याचे डी-प्यादे नसते, काळ्याचे ई-प्यादे बहुधा ई६वर असते. या रचनेला कारो-कानच्या पानोव्ह हल्ल्यातून जाता येते आणि डाव बी१४ खाली नोंदला जातो. सेमी-टाराशमधून गेले तर कोड डी४२. क्वीन्स गॅम्बिट स्वीकारल्यावर डी२६-डी२७च्या आसपास, निम्झो-इंडियनमधून आले तर ई-विभागातला कुठला तरी. पटावरची लढाई तीच असते: डी५ची धडक, ई५वरचा घोडा, राजाच्या बाजूवरचा हल्ला आणि त्याला उत्तर म्हणून डी५ घराची नाकेबंदी. ‘एकाकी प्यादे कसे खेळावे’ हा प्रश्न कोडला विचारला तर उत्तर चार कपाटांत विखुरलेले मिळते. तो पटालाच विचारला पाहिजे.

पटाला विचारायचे म्हणजे स्थितीवरून शोधायचे. चेसबेसच्या शोधखिडकीत त्यासाठी तीन पट दिलेले असतात. पहिल्या पटावर जे असलेच पाहिजे ते मांडायचे. दुसऱ्यावर मांडलेल्यांपैकी एक तरी असले म्हणजे पुरे. तिसऱ्यावर जे असता कामा नये ते. एकाकी प्याद्यासाठी पहिल्या पटावर डी४ला फक्त एक पांढरे प्यादे ठेवायचे, बाकी काहीच नाही. राजे आणि हत्ती कुठे आहेत याने रचना बदलत नाही, म्हणून ते घालणे म्हणजे विनाकारण गळती ओढवून घेणे. दुसऱ्या पटावर काळी प्यादी ई६ आणि ई७ला ठेवायची, त्यांतले कोणतेही चालेल. खरी मेहनत तिसऱ्या पटावर असते. तिथे सी२ ते सी७ आणि ई२ ते ई७ या बारा घरांवर पांढरी प्यादी मांडायची, म्हणजे या दोन पट्ट्यांवर पांढरे प्यादे असलेला डाव बाद होतो. शिवाय काळी प्यादी डी७, डी६, डी५ आणि सी७, सी६, सी५ला मांडायची. सी-पट्टीवरची ही शेवटची तीन विसरली तर काळ्याची सी६-ई६ अशी भिंत असलेले डाव यादीत घुसतात. त्यांतले डावपेच निराळे असतात.

एवढे करूनही यादीत भलतेच काही दिसते. मोहऱ्यांची अदलाबदल चालू असताना रचना एका चालीपुरती तयार होते आणि पुढच्या चालीला मोडते. म्हणून स्थितीच्या शोधात दोन आकडे आणखी द्यावे लागतात. पहिला आकडा, स्थिती कितव्या चालीपासून कितव्या चालीपर्यंत आली पाहिजे. दुसरा, ती सलग किती अर्ध्या चाली (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी चाल) टिकली पाहिजे. एकाकी प्याद्यासाठी दहाव्या ते पंचविसाव्या चालीची मुदत आणि आठ अर्ध्या चालींचा टिकाव ही सुरुवात ठीक आहे. टिकावाचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. तो भरला की यादी पुष्कळ स्वच्छ होते.

आता ही अट बरोबर आहे की नाही हे कसे ठरवायचे? आपल्याला ठाऊक असलेला डाव तीतून सुटतो का, हे पाहून. १९३६च्या नॉटिंगहॅम स्पर्धेतला बोटविनिक विरुद्ध विडमार हा डाव या रचनेचा आदर्श मानला जातो. नवव्या चालीला काळ्याने सी४वर प्यादे मारले, पांढऱ्याने दहाव्या चालीला उंटाने ते परत घेतले आणि एकाकी प्यादे उभे राहिले. पुढे पांढरा घोडा ई५वर रोवला गेला, एफ-प्यादे एफ५पर्यंत धावले आणि अठराव्या चालीला ई६वरच्या काळ्या प्याद्याने ते मारल्यावर रचना बदलली. विसाव्या चालीला बोटविनिकने एफ७वर घोडा मारून डाव संपवत आणला. वरची अट लावल्यावर हा डाव यादीत आला पाहिजे, आणि तो येतो. तोच शोध ‘पहिली चाल डी४’ अशी अट जोडून केला असता, तर तो नाहीसा झाला असता, कारण बोटविनिकने सुरुवात सी४ने केली होती. रेटिंगची अट जोडली असती तरी तेच झाले असते. अशा चार-पाच ओळखीच्या डावांची एक छोटी फाइल प्रत्येक महत्त्वाच्या अटीसोबत बाळगावी. अट बदलली की आधी ती या फाइलवर चालवून पाहावी. शोध कमावण्याची याहून स्वस्त आणि याहून विश्वासू रीत दुसरी नाही.

एंडगेमच्या शोधात घरांपेक्षा मोजणी महत्त्वाची ठरते. हत्तींचा एंडगेम, सगळी प्यादी राजाच्या बाजूला, एकाची चार आणि दुसऱ्याची तीन, हा अभ्यासाचा जुना विषय. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत कापाब्लांकाने येट्सविरुद्ध आणि १९५६च्या मॉस्को ऑलिम्पियाडमध्ये बोटविनिकने नायडॉर्फविरुद्ध तो जिंकून दाखवला. इथे प्रत्येक मोहऱ्याची किमान आणि कमाल संख्या द्यायची: दोघांकडे एकेक हत्ती, वजीर-उंट-घोडे शून्य, प्यादी चार आणि तीन. वजिराच्या बाजूची प्यादी वगळण्यासाठी ए ते डी या पट्ट्या रिकाम्या मागायच्या. चार प्यादी काळ्याकडे असलेले डावही हवे असतात, तेव्हा रंग उलटवण्याची खूण करायला विसरू नये. ती राहिली की निम्मे डाव गेलेच. टिकाव इथे दहा-बारा अर्ध्या चालींचा तरी मागावा, कारण ज्या डावात ही स्थिती येताक्षणी बरोबरी मान्य झाली त्यातून शिकण्यासारखे काही नसते.

हे शोध कधी पापणी लवायच्या आत होतात, तर कधी मिनिटभर घेतात. त्यामागचे कारण समजले की अटींचा क्रम आपोआप सुचतो. नाव, वर्ष, रेटिंग, निकाल आणि कोड या नोंदी अनुक्रमणिकेच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. तिथे शोधताना डावाच्या चाली उलगडाव्याच लागत नाहीत. स्थितीचा शोध मात्र डाव चाल-चाल पुढे नेत पट तपासतो. शेन हडसन यांनी तयार केलेल्या स्किड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यावर एक सुंदर तोडगा आहे. अनुक्रमणिकेत प्रत्येक डावासोबत शेवटी पटावर कोणती मोहरी उरली आणि प्यादी आपल्या मूळ घरांतून कोणत्या क्रमाने हलली, याची छोटी नोंद ठेवलेली असते. मारलेले मोहरे परत येत नाही आणि प्यादे मागे जात नाही. त्यामुळे ज्या डावाच्या शेवटी दोन्हीकडची आठ-आठ प्यादी शाबूत आहेत, त्यात चार विरुद्ध तीन प्याद्यांचा एंडगेम आलाच नसणार. असा डाव न उलगडताच बाजूला पडतो.

एखादी पूर्ण स्थिती, म्हणजे बत्तीसही मोहऱ्यांची किंवा उरलेल्या सगळ्यांची नेमकी जागा, शोधायची असेल तर आणखी वेगवान उपाय आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० साली तो मांडला. बारा प्रकारची मोहरी आणि चौसष्ट घरे यांच्या प्रत्येक जोडीला एक यादृच्छिक आकडा द्यायचा. असे ७६८ आकडे होतात. पटावर जी मोहरी असतील त्यांचे आकडे द्विमान पद्धतीने एकमेकांत मिसळले की त्या स्थितीचा एक आकडा तयार होतो. चाल कोणाची, कॅसलिंगचा हक्क आहे का, यांसाठीही आकडे असतात. मग स्थिती शोधणे म्हणजे तक्त्यात एक आकडा शोधणे. समोरच्या स्थितीतल्या प्रत्येक चालीला किती यश मिळाले हे सांगणारे ओपनिंगचे ‘ट्री’ क्षणात टक्केवारी दाखवतात ते अशाच तक्त्यांच्या जोरावर. एकाकी प्याद्यासारखी अर्धवट रचना या युक्तीत बसत नाही, कारण बाकीची मोहरी कुठेही असू शकतात आणि आकडा प्रत्येक वेळी वेगळा येतो. म्हणून ट्री क्षणात बोलतो आणि रचनेच्या शोधाला वेळ लागतो.

यावरून क्रम असा ठरतो: आधी अनुक्रमणिकेतल्या अटी, मग मोहऱ्यांची मोजणी, शेवटी रचना. स्किडमध्ये हे पायरीपायरीने करता येते. प्रत्येक शोधाचा निकाल ‘फिल्टर’मध्ये जातो. पुढचा शोध त्या फिल्टरला आणखी आवळायचा, त्यात भर घालायची की तो पुसून नव्याने सुरू करायचा, हे दर वेळी निवडायचे. ‘आणि’, ‘किंवा’ या जोडण्या इथे उघड्या डोळ्यांसमोर होतात आणि प्रत्येक पायरीला किती डाव उरले तो आकडा दिसतो. एखाद्या पायरीला आकडा अनपेक्षितपणे कोसळला तर गळती तिथेच आहे. चेसबेसमध्ये एकाच खिडकीच्या वेगवेगळ्या पानांवरच्या अटी आपोआप ‘आणि’ने जोडल्या जातात. हे सोयीचे आहे, पण मागच्या शोधातली एखादी अट दुसऱ्या पानावर राहून गेली तर ती गुपचूप लागू राहते. नवा शोध सुरू करताना खिडकी पूर्ण रिकामी करण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

मिळालेले डाव वाचतानाही भान लागते. बारा डावांत पंच्याहत्तर टक्के गुण दाखवणारी चाल म्हणजे नऊ गुण, आणि त्यांतले सहा एकाच बलाढ्य खेळाडूने कमकुवत प्रतिस्पर्ध्यांकडून घेतलेले असू शकतात. यादीत जलद आणि ब्लिट्झ डाव मिसळलेले असतील तर टक्केवारी आणखी फसवी होते. वेळमर्यादेची नोंद ऐच्छिक असल्याने नुसत्या तिच्यावर विसंबता येत नाही. स्पर्धेच्या नावात ‘रॅपिड’ किंवा ‘ब्लिट्झ’ हे शब्द असलेले डाव वगळणे हा ओबडधोबड, तरी कामाचा मार्ग. एकच डाव दोन स्रोतांतून दोनदा आलेला असतो. मोजणीआधी दुबार डाव काढून टाकले नाहीत तर आकडे फुगतात.

शोध एकदा जमला की तो जपून ठेवायचा. स्किडमध्ये शोधाच्या अटी फाइलमध्ये साठवता येतात. जिथे ही सोय हाताशी नसेल तिथे अटी साध्या मजकुरात लिहून ठेवाव्यात: कोणती मोहरी कुठे, काय वगळले, चालींची मुदत, टिकाव, कोणत्या डेटाबेसवर आणि कोणत्या तारखेला चालवला. नाव देताना ‘शोध १’, ‘शोध २’ असे देऊ नये. ‘एकाकी डी४, ई६, टिकाव ८’ असे नाव सहा महिन्यांनीही बोलते. कप्पे करायचे तर ओपनिंग, प्याद्यांची रचना, एंडगेम आणि प्रतिस्पर्धी असे चार पुरतात. प्रतिस्पर्ध्यांचा कप्पा स्पर्धा संपली की शिळा होतो, रचनांचा आणि एंडगेमचा वर्षानुवर्षे चालतो. म्हणून बारकाईची मेहनत या दोहोंवर करावी. दर आठवड्याचे नवे डाव आले की सगळा साठा पुन्हा चाळण्याची गरज नसते. जपलेली अट फक्त नव्या फाइलवर चालवायची आणि मिळालेले डाव त्या विषयाच्या स्वतंत्र डेटाबेसमध्ये टाकायचे.

काही प्रश्न खिडकीतल्या रकान्यांत मावतच नाहीत. ‘एकाच डावात दोन्ही बाजूंनी प्याद्याचा घोडा केला’ किंवा ‘राजा कोपऱ्यातून निघून समोरच्या कोपऱ्यात पोहोचला’ असे शोधायचे असेल तर अट लिहिण्यासाठी भाषाच लागते. गॅडी कॉस्टेफ आणि लुईस स्टिलर यांनी सीक्यूएल ही भाषा त्यासाठीच घडवली. तिच्यात अट मजकुराच्या रूपात लिहिली जाते आणि ती पीजीएन फाइलवर चालते. अट मजकुरात असल्याने तिच्यात शेरे लिहिता येतात, एका अटीत दुसरी गुंफता येते आणि ती दुसऱ्या अभ्यासकाकडे जशीच्या तशी पाठवता येते. एंडगेमच्या रचना करणाऱ्यांना ही भाषा विशेष उपयोगी पडते. हॅरॉल्ड व्हान डर हायडेन यांच्या संग्रहात अशा नव्वद हजारांहून अधिक रचना आहेत, आणि आपली कल्पना आधी कोणी मांडली आहे का, हे त्या संग्रहावर सीक्यूएलची अट चालवून तपासता येते.